काळी खिडकी आणि हिंगोलीची वेलांटी : टर्मिनल समजून घेऊया



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. संगणकावरच्या त्या काळ्या खिडकीबद्दल बोलायचं आहे, जिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात, फक्त अक्षरं आणि एक लुकलुकणारी खूण असते. सिनेमात हॅकर दाखवायचा असला की हीच खिडकी दाखवतात, त्यामुळे मुलांना तिचं आकर्षण आणि पालकांना तिची धास्ती. तिचं नाव टर्मिनल. नीट सांगायचं तर 'टर्मिनल एम्युलेटर'. हे लांबलचक नाव का, ते पुढे येईलच.

आधी वर्गात काय घडलं ते सांगतो, कारण या लेखाचं मूळ तिथं आहे.

आमच्या कुरुंद्यात एका जुन्या संगणकावर मी लिनक्स टाकून घेतलं होतं. सातवीच्या मुलांना टर्मिनलमधून फोल्डर तयार करायला सांगितलं. नावं कोणती द्यायची? मी म्हटलं, गाव, तालुका, जिल्हा. तीन फोल्डर : कुरुंदा, वसमत, हिंगोली. वसमत लगेच छान उमटलं. कुरुंदाही थोडं वेडंवाकडं, पण वाचता येईल असं आलं. हिंगोली मात्र बिघडलं. 'ह' एकटाच उभा, आणि त्याची वेलांटी अनुस्वारासकट पुढच्या 'ग'ला जाऊन चिकटलेली.

एक मुलगी म्हणाली, "सर, माझा जिल्हा चुकायलाय बघा. असं कामून दिसायलंय?"

मी दुसऱ्या मुलांकडे वळलो होतो. तेवढ्यात तिनं स्वतःच उपाय काढला. खोडलं, आधी वेलांटी टाईप केली आणि मग 'ह'. आता काळ्या खिडकीत हिंगोली बरोबर दिसायला लागलं. ती खूश, मीही शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी फोल्डर नेहमीच्या, चित्रांच्या खिडकीत उघडून पाहिले. तिथं तिच्या फोल्डरची वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलावर लटकत होती. शोध घ्यायच्या चौकटीत 'हिंगोली' लिहून शोधलं, तर तिचं फोल्डर सापडेना. म्हणजे तिनं पहिल्यांदा लिहिलेलं अगदी बरोबर होतं. खिडकी चुकीचं दाखवत होती. आणि खिडकीत बरोबर दिसावं म्हणून तिनं बरोबर असलेलं चूक करून ठेवलं. त्यावर शाबासकी दिली मी!

ही चूक का घडली हे समजायचं तर टर्मिनल म्हणजे काय हे मुळापासून पाहावं लागेल. चला, तर मग.

(एक सूचना : पुढे कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाईप करायची.)

१) टर्मिनल म्हणजे शेवटचं टोक

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आपल्याला माहीत आहे. रेल्वेचा मार्ग जिथं संपतो ते टोक. संगणकातही टर्मिनल म्हणजे टोकच. पूर्वी संगणक एकच, मोठा, एका खोलीत बसवलेला असायचा. त्याच्याकडून निघालेल्या तारांच्या टोकांना माणसं बसायची. त्या टोकावरचं यंत्र म्हणजे टर्मिनल. ते स्वतः काहीच हिशोब करत नसे. इकडून टाईप केलेलं तिकडं पाठवायचं आणि तिकडून आलेलं उत्तर दाखवायचं, एवढंच त्याचं काम.

सुरुवातीला ही यंत्रं तारखात्याच्या टेलिप्रिंटरसारखी होती. आपल्याकडची तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आताच्या मुलांना तार म्हणजे विजेचीच वाटते. घरातल्या आजी-आजोबांना विचारायला सांगा, ते सांगतील. १९६३ मध्ये आलेलं 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे असंच यंत्र. पडदा नाही, कागदाची गुंडाळी. सेकंदाला फक्त १० अक्षरं छापायचं, आणि तीही इंग्रजीतली मोठी अक्षरंच. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली सुरू झाली, ती अशाच यंत्रांवर वाढली. आजही टर्मिनलला संगणकाच्या भाषेत 'टीटीवाय' म्हणतात, तो टेलिटाइपचाच संक्षेप.

पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. १९७८ मध्ये डीईसी या कंपनीचं 'व्हीटी १००' आलं आणि फार गाजलं. त्याच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं आणि अशा २४ ओळी मावत. हा ८० चा आकडा त्याहून जुना आहे. आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रांच्या पत्त्यांवर ८० रकाने होते, तिथपासून तो चालत आला. तुमच्या संगणकावर आज टर्मिनल उघडलं तरी बहुतेक वेळा खिडकी ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच अशीच उघडते.

२) एम्युलेटर म्हणजे बहुरूपी

मग चित्रांचे पडदे आले, माउस आला, एका पडद्यावर अनेक खिडक्या आल्या. पण तोपर्यंत हजारो प्रोग्रॅम 'समोर व्हीटी १०० आहे' असं धरून लिहिले गेले होते. ते सगळे टाकून द्यायचे का? त्यापेक्षा सोपी युक्ती निघाली. एक असा प्रोग्रॅम लिहायचा, जो खिडकीत बसून त्या जुन्या यंत्राचं सोंग घेईल.

गावात बहुरूपी यायचा, आठवतं का? पोलिसाचा वेष घालून दारात उभा राहायचा, आणि घरातल्यांची क्षणभर घाबरगुंडी उडायची. एम्युलेटर म्हणजे असाच बहुरूपी. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं, समोर खरं यंत्र आहे. प्रत्यक्षात ती नुसती एक खिडकी असते. १९८४ मध्ये लिहिला गेलेला 'एक्सटर्म' हा अशा बहुरूप्यांमधला जुना आणि आजही वापरात असलेला. त्यानंतर बरेच आले. लिनक्सवर जीनोम टर्मिनल, कॉन्सोल, एक्सएफसीई टर्मिनल. मॅकवर 'टर्मिनल' याच नावाचा. विंडोजवर २०२० मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेला विंडोज टर्मिनल. ई-पुस्तकांसाठीचं कॅलिबर तयार करणारे भारतीय कोविद गोयल यांचं 'किटी' हेही टर्मिनलच.

सोंग आहे याचा पुरावा मुलांना दाखवता येतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टीटीवाय' टाईप करून एन्टर दाबा. उत्तरात बहुधा 'पीटीएस' आणि पुढे एक आकडा दिसेल. त्यातला 'पी' म्हणजे 'स्यूडो', म्हणजे खोटा. बहुरूपी आपलं सोंग स्वतःच कबूल करतो! दुसरी खिडकी उघडून तीच कमांड दिली की आकडा बदलतो. मुलांना हे फार आवडतं.

३) खिडकी वेगळी, कारकून वेगळा

इथं मोठ्यांचाही घोटाळा होतो, म्हणून सावकाश वाचा. टर्मिनल म्हणजे कमांड चालवणारा नव्हे.

तहसील कार्यालय डोळ्यांसमोर आणा. आपण खिडकीतून अर्ज आत सरकवतो. आत बसलेला कारकून तो वाचतो, संबंधित टेबलावर पाठवतो, आणि उत्तर खिडकीतून बाहेर येतं. आता,

– खिडकी म्हणजे टर्मिनल. ती फक्त देवाणघेवाण करते.
– कारकून म्हणजे शेल. आपण लिहिलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावतो. लिनक्सवर बहुधा 'बॅश' नावाचा कारकून असतो, तो १९८९ पासून नोकरीत आहे.
– आतली टेबलं म्हणजे वेगवेगळे प्रोग्रॅम. प्रत्यक्ष काम तेच करतात.

खिडकीचा रंग बदलला म्हणून कारकून बदलत नाही, आणि कारकून बदलला तरी खिडकी तीच राहू शकते. हा फरक लक्षात ठेवा. हिंगोलीच्या वेलांटीचं उत्तर यातच आहे.

सुरुवातीला तीन कमांड पुरेत :

'पीडब्ल्यूडी' – मी आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये उभा आहे? (आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हटलं की रस्त्यावरचे खड्डे आठवतात. मुलं हसतात, पण कमांड कायमची लक्षात राहते.)
'एलएस' – इथं काय काय आहे त्याची यादी दाखव.
'एमकेडीआयआर' आणि पुढे नाव – या नावाचं फोल्डर तयार कर.

कमांड इतक्या आखूड का, असं मुलं विचारतातच. सेकंदाला १० अक्षरं छापणारं यंत्र समोर असताना लांब नावं कोण ठेवेल?

आणखी चार गोष्टी, ज्यांवर नवा माणूस हमखास अडतो :

– काम नीट झालं तर बरेच प्रोग्रॅम काहीच बोलत नाहीत. फोल्डर तयार झालं तरी 'झालं' असा निरोप येत नाही. पूर्वी परगावी गेलेल्या माणसाची तार आली नाही म्हणजे खुशाल आहे असं समजायचे, तसंच.
– कंट्रोल आणि सी दाबलं की इथं कॉपी होत नाही, चालू असलेलं काम थांबतं. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलांत कॉपीसाठी सोबत शिफ्टही दाबावं लागतं.
– पासवर्ड टाईप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ती सोय आहे.
– नाव अर्धं टाईप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव शेल स्वतः भरतो.

४) चौकटीची वही आणि आपली अक्षरं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्गातली गणिताची चौकटीची वही घ्या. टर्मिनलचा पडदा म्हणजे हुबेहूब तीच. ८० चौकटी आडव्या, २४ उभ्या, सगळ्या सारख्या मापाच्या. एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजीला हे सहज जमतं. एकामागून एक अक्षरं येतात, कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही की पायाला चिकटत नाही.

मराठीचं तसं नाही. काना शेजारी येतो, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर. आणि ह्रस्व वेलांटी? बोलताना ती व्यंजनाच्या नंतर येते (ह्, मग इ), पण लिहिताना आधी येते. पहिलीच्या मुलांना 'कि' लिहायला शिकवताना आपण हे रोज पाहतो.

संगणक मजकूर साठवतो तो बोलण्याच्या क्रमानं. 'हिंगोली' आत असं साठवलेलं असतं : ह, ह्रस्व वेलांटी, अनुस्वार, ग, ओकार, ल, दीर्घ वेलांटी. एकूण ७ खुणा. डोळ्यांना मात्र ३ अक्षरं दिसतात : हिं, गो, ली. या ७ खुणांची ३ अक्षरं करून, वेलांटी उचलून 'ह'च्या आधी ठेवण्याचं काम दाखवणाऱ्यानं करायचं असतं. नेहमीच्या खिडक्या, ब्राउझर, मोबाईल हे काम निमूटपणे करतात. टर्मिनल मात्र चौकटीच्या वहीचा माणूस. जुन्या पद्धतीचं टर्मिनल एकेक खूण घेतं आणि एकेका चौकटीत टाकतं. पहिल्या चौकटीत ह, दुसरीत वेलांटी आणि तिच्यावर अनुस्वार, तिसरीत ग. झालं! वेलांटी 'ग'च्या दारात उभी. एक्सटर्म आजही आपल्या लिपीची ही जुळणी करत नाही.

मुलीनं काय केलं ते आता कळेल. तिनं वेलांटी आधी टाईप केली. चौकटीच्या वहीत ती 'ह'च्या आधी बसली, म्हणून चित्र बरोबर दिसलं. पण आत साठवलेला क्रम मोडला. म्हणून चांगल्या खिडकीत ठिपक्यांचा गोल आला, आणि शोधातही फोल्डर मिळेना. खरं तर कारकुनानं म्हणजे शेलनं पहिल्या वेळी अर्ज बरोबरच नोंदवला होता. धूसर होती ती खिडकीची काच.

आता जिल्ह्यातले पाचही तालुके या वहीत बसवून पाहू. अक्षरं म्हणजे डोळ्यांना दिसणारी, खुणा म्हणजे आत साठवलेल्या :

वसमत – अक्षरं ४, खुणा ४
औंढा (नागनाथ) – अक्षरं २, खुणा ४
सेनगाव – अक्षरं ४, खुणा ६
कळमनुरी – अक्षरं ५, खुणा ७
हिंगोली – अक्षरं ३, खुणा ७

वसमतला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. चार चौकटी, चार अक्षरं. म्हणून ते पहिल्याच फटक्यात छान आलं. पाचांत ह्रस्व वेलांटी एकट्या हिंगोलीला आहे, म्हणून तिचीच फजिती. 'विद्यार्थी' घेतला तर आणखी गंमत. डोळ्यांना ३ अक्षरं, आत १० खुणा, कारण वेलांटी आहे, जोडाक्षर आहे आणि रफारही आहे.

ही मोजदाद संगणकाकडूनही करून घेता येते. 'डब्ल्यूसी' ही मोजणारी कमांड. तिला 'वजा एम' सांगितलं तर ती खुणा मोजते, 'वजा सी' सांगितलं तर बाइट. आजच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी खुणेला ३ बाइट लागतात. म्हणून वसमत १२ बाइटचं आणि हिंगोली २१ बाइटचं. (शेवटी एन्टरची खूण असेल तर एक वाढेल, ती वजा करा.)

शिवाय रुंदीचा प्रश्न आहेच. 'र' किरकोळ, 'क्ष' ऐसपैस. दोघांना एकाच मापाची चौकट दिली तर कुठं शिरोरेषा तुटते, तर कुठं अक्षरं एकमेकांवर चढतात. आणि एखाद्या मात्रेला स्वतंत्र चौकट द्यायची की नाही, याबाबत प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांचं मोजमाप वेगळं निघालं, तर लुकलुकणारी खूण एकीकडे आणि खोडलं जातं भलतीकडे. असं झालं तर मुलांना रागावू नका. हात त्यांचा चुकलेला नाही.

५) पुण्यात झालेलं काम

हा प्रश्न आपल्याकडच्या लोकांनी फार आधी हाती घेतला होता, हे मुलांना जरूर सांगा. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' नावाचं तंत्र तयार झालं. मोहन तांबे यांचं त्यात मोठं काम आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि हे काम तिथं आलं. संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड निघालं, आणि युनिक्ससारख्या एकाच वेळी अनेकांनी वापरायच्या यंत्रांना जोडायला जिस्ट टर्मिनलही निघालं. म्हणजे ज्या टोकावर फक्त इंग्रजी उमटायचं, तिथं देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटू लागल्या.

त्यामागचा विचार आजही शिकण्यासारखा आहे. मजकूर ध्वनीच्या क्रमानं साठवायचा, आणि अक्षराचा आकार जुळवायचं काम यंत्रावर सोपवायचं. लिहिणाऱ्यानं वेलांटीसाठी कसरत करायची नाही. याच विचारावरचं 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये आलं. कीबोर्डची 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी त्याआधीच, १९८६ मध्ये, ठरली होती. १९९१ मध्येच जगासाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला आहे. आज मोबाईलवर आपण जी मराठी लिहितो, तिच्या तळाशी हे काम आहे.

मग टर्मिनल मागं का राहिलं? कारण ते बहुरूपी आहे. जुन्या यंत्राचं सोंग घ्यायचं म्हटलं की त्या यंत्राची चौकटीची वहीही सोबत येते. ती मोडली तर जुने प्रोग्रॅम बिघडतात, आणि ठेवली तर आपल्या वेलांटीला जागा मिळत नाही. तरी सुधारणा होत आहेत. 'एमएलटर्म' हे टर्मिनल तर अनेक भाषांसाठीच केलेलं आहे आणि ते भारतीय लिप्यांची जुळणी करतं. फाँटच्या बाजूनंही काम झालं. रेड हॅट या कंपनीनं २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फाँट सर्वांसाठी खुले केले. पण एकसारख्या रुंदीचे देवनागरी फाँट आजही फार थोडे आहेत.

तुमच्या संगणकावरचं टर्मिनल कसं आहे, हे पाहायला तीन शब्द पुरे : वसमत, हिंगोली, विद्यार्थी. तिन्ही बरोबर उमटले, तर टर्मिनल चांगलं. फक्त वसमत बरोबर आलं, तर दुसरं टर्मिनल टाकून पाहा. शब्द मात्र बदलू नका.

६) वर्गात घ्यायचा उपक्रम (पाचवी ते सातवी)

यासाठी संगणक नसला तरी चालतं. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि कागदाचे छोटे तुकडे एवढंच लागतं.

१. चार मुलं निवडा. एक वापरणारा, एक खिडकी, एक कारकून, एक टेबल. खिडकीनं बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या इकडून तिकडं द्यायच्या. 'आजच्या हजेरीची यादी द्या' अशी चिठ्ठी आत पाठवा. उत्तर कोणी दिलं? खिडकीनं की टेबलानं? यावर बोला.

२. प्रत्येकाला स्वतःच्या नावाच्या खुणा सुट्या करायला सांगा. एका तुकड्यावर एक खूण, बोलण्याच्या क्रमानं. जोडाक्षर असेल तर पाय मोडल्याची खूण वेगळ्या तुकड्यावर.

३. ते तुकडे शेजारच्या मुलाला द्या. त्यानं ते क्रम न बदलता, चौकटीच्या कागदावर एकेका चौकटीत लिहायचे. हे झालं जुनं टर्मिनल.

४. नाव कोणाचं मोडलं, कोणाचं टिकलं, याची फळ्यावर यादी करा. काय असलं की मोडतं, हा नियम मुलांनाच शोधू द्या. आमच्या मुलांनी 'ह्रस्व वेलांटी आणि जोडाक्षर' हे दहा मिनिटांत काढलं.

५. आता तेच तुकडे तिसऱ्या मुलाला द्या आणि हवी तशी जुळणी करायची मुभा द्या. नाव पुन्हा उभं राहतं. हे झालं चांगलं टर्मिनल. मग विचारा : तुकडे बदलले का? नाही. मग बदललं काय?

पाचव्या पायरीवरचा हा प्रश्न सोडू नका. उपक्रमाचं सार त्यातच आहे. भाषेच्या तासाला स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं शिकवताना हाच उपक्रम जसाच्या तसा वापरता येतो.

७) पालकांसाठी चार शब्द

मुलानं घरी ही काळी खिडकी उघडली तर लगेच घाबरू नका. ती उघडणं म्हणजे हॅकिंग नव्हे. पण दोन-तीन नियम घालून द्या.

इंटरनेटवर दिसलेली कमांड अर्थ समजल्याशिवाय चिकटवायची नाही. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी ही ओळ कॉपी करून चिकटवा' असं सांगणारी फसवी पानं अलीकडे बरीच फिरतात. तिथं चिकटवलेली ओळ म्हणजे आपल्याच हातानं चोराला दिलेली किल्ली. कोणतंही भलं संकेतस्थळ असं सांगत नाही.

'आरएम' ही कमांड फाइल पुसते, आणि ती कचरापेटीत न जाता थेट जाते. सरावासाठी वेगळं फोल्डर करा आणि पहिले काही महिने ही कमांड शिकवूच नका. 'सुडो' म्हणजे मालकाच्या अधिकारानं काम करणं. तो पासवर्ड मोठ्यांनी स्वतःजवळ ठेवावा.

आणि मराठी नावं द्यायची की नाही? मी म्हणतो, जरूर द्या. फक्त टर्मिनलमध्ये नाव विचित्र दिसलं तर ते आधी नेहमीच्या खिडकीत उघडून पाहा. तिथं बरोबर असेल तर हात लावू नका.

शेवटी

त्या मुलीला मी पुढच्या तासाला फळ्याजवळ बोलावलं. सगळ्यांसमोर सांगितलं की तिनं पहिल्यांदा लिहिलेलं बरोबर होतं, आणि शाबासकी द्यायला मीच चुकलो होतो. मग तिनं तुकड्यांचा खेळ करून वर्गाला दाखवला, आणि फोल्डरचं नाव पुन्हा पहिल्यासारखं केलं. काळ्या खिडकीत ते पुन्हा मोडकंच दिसलं. ती म्हणाली, "दिसू द्या सर. आत बरोबर हाय ना."

आपली मुलं यंत्रासमोर बसली की पहिली शंका स्वतःवर घेतात. माझंच चुकलं असेल, माझ्याच भाषेत काहीतरी अडचण असेल. इंग्रजी सरळ उमटतं आणि मराठी मोडतं, हे दोन-चारदा पाहिलं की ती मराठीत लिहायचंच सोडून देतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की ही चौकट परक्या लिपीच्या मापानं आखलेली आहे, दोष तिच्या मापात आहे, तुझ्या वेलांटीत नाही. हे सांगायला संगणकाचा मोठा कोर्स लागत नाही. चौकटीची वही पुरते.

आपल्या वर्गात हा उपक्रम करून पाहा. मुलांना आपापल्या गावाचं नाव मोजू द्या. कोणाचं गाव वसमतसारखं सरळ निघतं आणि कोणाचं हिंगोलीसारखं, हे पाहताना तास कसा संपला ते कळणार नाही.